पाणी राखीव

मखमलाबाद, नाशिक
१८ फेब्रुवारी २०२५

अहो, नमस्कार,

नमस्कार लिहिलं आणि माझंच मला हसू आलं, नवऱ्याला नमस्कार! पण फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ करून ठेवून देता, म्हणून पत्र. दिशाची सर्दी गेली. आई बऱ्या आहेत. अंबडच्या खोलीत डास फार आहेत का?

परवा अकरावीला १९१९चा कायदा शिकवला. इंग्रजांनी शिक्षण, आरोग्य, शेती आपल्या मंत्र्यांकडे दिली, ती सोपीव खाती. तिजोरी आणि पोलीस स्वतःकडे ठेवले, ती राखीव. पायल नावाची एक आगाऊ मुलगी उठली. “मॅडम, पैसा नाय, पोलीस नाय, मग ते मंत्री झालेच कशाला?” वर्ग हसला. घंटा झाली म्हणून मी वाचले.

कारण तुमच्या बाबांनी मला मंत्री केलंय.

संक्रांतीनंतर ते म्हणाले, “सुवर्णा, मळ्यात काय लावायचं ते तू ठरव. पाणी मी बघतो.” तुम्हालाही हेच म्हणाले होते ना? ‘पाणी हातात नसेल तर मळाही नको’ म्हणत तुम्ही अंबडच्या कारखान्यात गेलात. मी मात्र हो म्हणाले. रागावलात? रागवा. मला आवडलं हो म्हणायला.

लग्नसराईसाठी झेंडू लावला. बाबांना टोमॅटो हवे होते. तोंडाने एक शब्द नाही. पण मोटरच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात आणि पाणी आधी त्यांच्या वांग्यांना. झेंडू माना टाकतोय. मी भांडते, ते हसतात, मनात आलं तर तासभर मोटर चालू करतात. तुमचंच खरं होतं का? की लांब बसून खरं असणं सोपं असतं? मला काही कळत नाही.

आता जे लिहायचं टाळतेय, ते. काल बाबा म्हणाले, “नवनाथला सांग, घरी ये. लय झालं आता. किल्ली त्याच्याच हातात देतो.” मी ‘सांगते’ म्हणाले आणि फोन केलाच नाही. तुम्ही यावं म्हणून वर्षभर देवाला साकडं घातलं, आणि आता तुम्ही याल याचीच धास्ती वाटते. मग झेंडू लावू का, हे मी तुम्हाला विचारायचं. तुम्ही हो म्हणालही. तेच नको झालंय.

या. दिशा रोज विचारते, मलाही करमत नाही. फक्त बाबा किल्ली पुढे करतील, तेव्हा लगेच हात पुढे करू नका. आधी माझ्याकडे बघा.

तुमचीच,
पण अजून मंत्रिपद न सोडलेली,
सुवर्णा