मुलाण्याचं घर

हडपसर, पुणे
१२ एप्रिल २०२५

प्रिय भागी,

सप्रेम नमस्कार.

पत्रिका पोचली. शाळेच्या पंच्याहत्तरीला गावच्या माहेरवाशिणींचा सत्कार, त्यात माझं नाव, आणि खाली सरपंच म्हणून तुझी सही. तिसरीत पाटीवर तुझा 'भ' नेहमी 'म'सारखा दिसायचा. आता चांगला येतो. अभिनंदन.

इकडे ठीक आहे. मी गेल्या जूनमध्ये नारायण पेठेतल्या शाळेतून निवृत्त झाले. सारा जन्म मराठीचं व्याकरण शिकवलं, तरी निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी 'मॅडम मुस्लिम असूनही मराठी किती शुद्ध' असं कौतुक केलंच. मी आभार मानले. इम्तियाजची साखर वर-खाली होते, आणि तो साखरेचा चहा सोडत नाही; बायकोचं ऐकेल तर नवरा कसला. लेकीला, अलिझाला, कंपनीचं काम घरूनच असतं; दिवसभर खोलीचं दार बंद आणि आतून इंग्रजी. ईद झाली. शिरखुर्मा यंदा शेजाऱ्यांपुरताच केला. मंडईत हापूस आलाय, पण विकणारे हात लावू देत नाहीत. पुण्यात आंब्यालाही सोवळं असतं.

हे पत्र तुझ्या आईच्या, यमुनाकाकूंच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझं सासर-माहेर एकाच गावात असल्याचा एवढा तरी उपयोग. तुझ्या घरी का पाठवलं नाही, ते पुढे येईल.

पत्रिकेच्या मागे तू पेनाने लिहिलंयस, 'तालिबलाबी घेऊन ये. भावाला तुझ्या बघून लई दिस झालं.' त्याबद्दलही लिहिते. आधी पत्रिकेबद्दल.

आतल्या पानावर 'आपल्या धामणटेकची ओळख' छापली आहे. लोकसंख्या किती, आणि त्यात कोणता समाज किती टक्के. मराठा, माळी, धनगर, रामोशी, बौद्ध, मातंग, चांभार, कुंभार. कुंभारांची दोनच घरं उरली आहेत, तरी त्यांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. सगळ्यात शेवटी 'इतर'.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमचं घर वेशीच्या आत, भैरोबाच्या देवळामागे, अब्बांच्या आज्यापासून. यात्रेच्या पहिल्या बकऱ्यावर मुलाण्याने, म्हणजे आमच्या घरच्याने, सुरी फिरवल्याशिवाय गावात कुणाच्या चुलीवर पातेलं चढत नव्हतं. तुमच्याही नाही. भैरोबाला ते चालत होतं. छापखान्यात चूक झाली असेल, असं इम्तियाज म्हणाला. भला माणूस आहे.

पण चूक छापखान्याची नाही, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी यात्रेआधी देवळासमोर बैठक झाली, तिची हकिगत तालिबने मला त्याच दिवशी फोनवर सांगितली होती. तू तिथे होतीस. माझं काही चुकत असेल तर दुरुस्त कर. तुझे यजमान, सर्जेरावदाजी, उभे राहून म्हणाले, "पहिल्या बकऱ्याला सुरी यंदापासनं आपल्यातलाच मानूस लावंल. मच्छिंद्र लावंल." तालिबने विचारलं, "मग मी कुनातला, दाजी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "वाद नको आता, च्या येऊ द्या." आणि चहा आला. तालिबलाही दिला, सगळ्यांच्यासारख्याच कपात. हे त्याने मला दोनदा सांगितलं, जणू त्यातून काही निघेल. भागी काय म्हणाली, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भागीताईनं मान वर केली न्हाय. तिला तरी काय करता येतंय, ताई." सरपंचाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला काय करता येतं, यावर मी त्याच्याशी भांडले. आमच्या घरात तुझी बाजू घेणारा तो एकटाच.

पुढे कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. मच्छिंद्रने वेशीपाशी मटणाचं दुकान टाकलं आणि लोक तिकडे जाऊ लागले, इतकंच. ज्या घरांतल्या लग्नांत तालिबने हळदीचं मटण कापलं, ती माणसं त्याच्या दुकानावरून जाताना मोबाइल बघायला लागली. भांडले असते तर तो राहिला असता, असं मला वाटतं. भांडण त्याला जमायचं. दिवाळीच्या आधी एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "चार दिस ऱ्हातो," म्हणाला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घराला कुलूप लावायला वेळ लागला नाही त्याला.

इम्तियाजच्या ओळखीने इथे एका चिकनच्या दुकानात काम मिळालं. गिऱ्हाइकं त्याची दाढी बघून हिंदीत विचारायची, "चाचा, यूपी के हो क्या?" तो म्हणायचा, "न्हाय, धामनटेकचा हाय." लोक हसायचे. परगावचा माणूस किती लवकर मराठी शिकला, असं त्यांना वाटायचं. घरी येऊन तो हे मला हसत सांगायचा. नंतर नंतर सांगेनासा झाला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि समोरच्या इमारतीचे मजले मोजल्यासारखं बघत राहायचा.

मध्येच उठून पाणी भरून आले. नळ काही इतका वेळ चालू नव्हता. मीच तिथे उभी राहिले.

भागी, तालिबला मी घेऊन येऊ शकत नाही. तो फेब्रुवारीत गेला.

दुकानात उभ्या उभ्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात शुद्धीवर होता तेव्हा एकच मागितलं, "मला अब्बांच्या शेजारी ठेव. वड्याकाठी." ओढ्याकाठचं कब्रस्तान आमचंच; मी हो म्हणाले. त्यात विचारायचं काय आहे, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मी तुला फोन लावला. दाजींनी उचलला. मी सांगितलं. ते म्हणाले, "लई वाईट झालं. पर नसीमताई, वड्याकडच्या जागेवर आता सभामंडपाचं काम निघालंय. पोरं तापल्यात. आन तुमचं घर तर बंद हाय, मयत कुनाच्या दारातनं काढनार? तिकडंच उरका."

मागे भांडी वाजत होती. तुझा आवाज आला, "कोन हाय वो?"

दाजी म्हणाले, "लोनवाली बाई हाय." आणि फोन बंद झाला.

तालिबला इथेच माती दिली. खांदा द्यायला इम्तियाज होता, दुकानाचा मालक होता, समोरच्या फ्लॅटमधले सलिल होते. सलिलना तालिब 'साहेब' म्हणायचा. ते चपला हातात घेऊन कबरीपर्यंत आले. धामणटेकचं कुणी नव्हतं.

म्हणून मी सत्काराला येणार नाही. एकच विचारायचं आहे. तू मागून विचारलंस तेव्हा फोनवर मी होते हे तुला कळलं नव्हतं, असं मी मनाशी धरून चालले आहे. तसंच असेल तर दोन ओळी लिही. मला पुरतील.

काकूंच्या गुडघ्यांना आता कसं आहे? त्यांना माझा नमस्कार सांग. तालिबचं त्यांना आज सांगू नकोस. त्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय.

तुझी,
नसीम


हडपसर, पुणे
९ मे २०२५

भागी,

दोन ओळी आल्या नाहीत. तूच आलीस. दाजींच्या गाडीतून, शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह घेऊन, शिवाय फोटो काढायला एक माणूस. दार मी उघडलं तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी बाजूला झाले. तेवढ्यात सगळे आत आले.

नको म्हणायच्या आत शाल माझ्या खांद्यावर पडली. दाजी म्हणाले, "गावची लेक हाय. मान घरपोच द्यायचा." तो फोटो आता गावच्या ग्रुपवर फिरतोय, 'आमच्या गावात भेदभाव नाही' अशा ओळीसकट. अलिझाला कुणीतरी पाठवला. फोटोत तू हसलेली नाहीस. मीही नाही. पण खाली अंगठे आणि जोडलेले हात इतके आलेत की आपले चेहरे कुणी पाहिले नसतील.

माझ्या पत्राचं दाजींना माहीत नव्हतं, ते त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. तालिबच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून "तालिबभाई गेल्याचं कळलं, वाईट झालं" असं ते अगदी नव्याने म्हणाले. म्हणून मी त्यांच्या समोरच विचारलं. "त्या दिवशी फोनवर मी होते, हे तुला कळलं होतं का?"

"कसला फोन?" दाजी म्हणाले.

तू त्यांच्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. "आवाज वळखला हुता मी. कशापायी लावलाय, ते इचारलं न्हाय," म्हणालीस.

अलिझा चहाचा ट्रे घेऊन दारात तशीच थांबली. दाजींनी गाडीची किल्ली उचलली. तू उठलीस, पदर सारखा केलास आणि त्यांच्या मागे गेलीस. फोटोवाला मात्र चहा पिऊन गेला.

नवऱ्यासमोर खरं बोललीस. घरी पोचेपर्यंत त्याचं काय मोल द्यावं लागलं असेल, ते मला कळतं. माफी मागितली नाहीस, ते बरंच झालं. माझ्याकडे द्यायला नव्हती. तालिब शेवटपर्यंत तुझी बाजू घेत राहिला. मी घेत नाही. तू ओळखीच्या आवाजाला ओ दिली असतीस, तर तो आज ओढ्याकाठी असता. पोरं किती तापली होती, ते मी त्यांच्यासमोर उभी राहून पाहिलं असतं. त्यातली निम्मी माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढली आहेत.

शाल आणि चिन्ह याबरोबर परत पाठवते आहे. हे पत्र काकूंकडे नाही, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर येईल, कारण यापुढचं मैत्रिणीला नाही, सरपंचांना लिहिते आहे.

ओढ्याकाठची जागा गावाच्या नकाशात कब्रस्तान म्हणून लागलेली आहे. तिच्या मोजणीचा अर्ज मी दिला आहे. सभामंडपाचं काम थांबवण्यासाठी वकील केला आहे. मोजणीच्या दिवशी मी आणि अलिझा तिथे येऊ. तिथे माझे अब्बा आहेत, अम्मा आहे, आणि तिच्या पायाशी जी जागा आहे ती माझी. देवळामागच्या घराचं कुलूपही काढते आहे. दर महिन्याला येऊन दोन दिवस राहणार. दिवा लागलेला दिसला तर कुणी चौकशीला यायची गरज नाही.

आपली,
नसीम बाबालाल मुलाणी
मुक्काम पोस्ट धामणटेक