सीताफळाच्या बियांची पूड

मंगळवार, १२

दादा आज थेट प्रयोगशाळेच्या फाटकाशी! मुठीत गवत, गवताला चिकटलेल्या अळ्या. "शास्त्रज्ञीणबाई, तुमच्या बश्यांतल्या मरतात म्हणे. माझ्या कुरणातल्या कधी मरणार?" चेष्टा केली, पण आवाज पार बसलेला. तीन दिवसांत अर्धं कुरण फस्त. आता बांधापलीकडच्या मक्यात शिरतायत. अकरा गाई खाणार काय?

मी कुठली शास्त्रज्ञ! मदतनीस. बश्या धुते, मेलेल्या अळ्या मोजते. पण सीताफळाच्या बियांचा अर्क मीच काढते, आणि दहातल्या आठ अळ्या मरतात हेही वहीत मीच लिहिते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं, थोडा अर्क देऊ का? "चाचण्या संपेपर्यंत थेंबसुद्धा बाहेर जाणार नाही. भाऊ असो नाहीतर आणखी कोणी."

अर्क नाही दिला. कृती दिली. वहिनीला, फोनवर — बिया बारीक कुटायच्या, पाण्यात भिजत घालायच्या, गाळायचं, थोडा साबण मिसळून फवारायचं. गाईंना तिकडे फिरकू द्यायचं नाही. "आणि मीठ चवीपुरतं ना?" वहिनी म्हणाली. दोघी किती वेळ हसत होतो!

बिया तिने मिळवल्यासुद्धा — आइस्क्रीमच्या कारखान्यातून, पोतंभर, वाळलेल्या.

गुरुवार, १४

अळ्या खायच्या थांबल्या! दादाचा दोनदा फोन. "तुटल्या माळेतून मणी ओघळावेत तशा गळतायत गं!" दिवसभर उगाच हसू येत होतं. मॅडमनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

शुक्रवार, १५

वहिनीचा उजवा डोळा.

आणखी बिया कुटताना पूड उडाली, तिने पदराने डोळा चोळला. लालभडक. उघडतच नाही. दादा म्हणतो, "धूळ गेली. हिची नेहमीची घाई!" दवाखान्यात मीही सोबत होते; तिथेही धूळच सांगितली. थेंब दिले, घरी पाठवलं.

धूळ नाही ती. प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय — चष्मा लावल्याशिवाय बिया दळू नयेत. चार वर्षं मी रोज लावतेय. आणि फोनवर चष्म्याबद्दल एक शब्द नाही! मिठावर हसत बसले.

बोलायला हवं होतं. मॅडमना कळलं तर नोकरी जाईल — हेच डोक्यात. लाज वाटते लिहितानासुद्धा.

शनिवार, १६

आणखी बिघडलं. वहिनी कॉटची दांडी धरून बसलेली, दात आवळून. "कुणी मिरची भरलीय गं आत." दादा विचारतो, शेकून बघू का?

तशीच तिला दवाखान्यात नेलं. तिला आत बसवलं, डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठलं आणि सांगून टाकलं. कसल्या बिया, काय होतं, सगळं.

"हे काल का नाही बोललात?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या.

अर्धा तास डोळा धुतला. थेंब बदलले, पट्टी बांधली. "बुबुळावरचा पापुद्रा सोललाय. नजर वाचेल बहुतेक."

बहुतेक! हा एक शब्द घेऊन घरी आले.

जाताना म्हणाल्या, "घरच्यांना तुम्हीच सांगा. आजच."

नाही सांगितलं.

रविवार, १७

आजही नाही.

सोमवार, १८

मॅडमना सांगितलं. ओरडतील म्हणून मन घट्ट करून गेले होते. ओरडल्या नाहीत. खुर्ची पुढे केली. "झाड आहे म्हणून विष नसतं असं वाटलं का तुम्हाला? तुम्हाला?" मग म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. आणि मी दारापर्यंत गेल्यावर — "डोळा कसा आहे?"

तेव्हा मात्र रडले.

संध्याकाळी दादाकडे गेले. त्याने चहा आणून हातात दिला. "तू धावलीस म्हणून औषध बदललं. नाहीतर मी शेकतच बसलो असतो." कप तसाच खाली ठेवला. उद्या. उद्या नक्की.

मंगळवार, १९

पट्टी निघाली. दिसतंय! "अंधुक आहे, पण तुझं रडकं तोंड ओळखू येतंय," वहिनी म्हणाली.

मग सांगितलं. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. वहिनी चिडली नाही. ताडकन उठून बसली.

"म्हणजे ती धूळ नव्हती? अगं, उरलेल्या बिया मी पाच घरी वाटल्यात! तुझी कृतीही सांगितलीय. आज कुटायच्या होत्या त्यांना."

त्या घरांकडेच निघालोय. गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. दोन घरी फोन लागला. तीन घरी कुणीच उचलत नाही.