माग खिडकीशीच राहू दे

ऑलिम्बोस, कार्पाथोस बेट
४ जून १९९८

ती. कल्लिओपीताईस,
धाकट्या सोफिलाचा नमस्कार.

गुडघे सोडले तर मी खुशाल आहे. सहलीची होडी रोज येते. पाहुणे भट्टीतला पाव खातात, आईच्या मागावर हात फिरवतात, यानीसदादाचं लीरावादन ऐकतात आणि संध्याकाळी परत जातात. दादा म्हणतो, सोफिला, आता तुलाच तिकीट लावू.

काल एक मुलगी आली होती. तिला कणीक वळून, कांदा परतून मकारुनेस वाढल्या. दोनदा मागून घेतल्या. मग तिने फीत काढून भिंती मोजल्या. मला वाटलं, हौस असेल. फितीचं दुसरं टोक मीच धरलं. निघताना गालाला गाल लावला, अगदी आईसारखी मान तिरकी करून. ताई, ती तुझी रिगो होती का?

रीत मला मान्य आहे. आईचं घर थोरल्या लेकीचं, चूल धाकटीने सांभाळायची. चाळीस वर्षं सांभाळली. मी आहे तोवर माग खिडकीशीच राहू दे, एवढंच मागणं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी सोफिला

बॉल्टिमोर
२० जून

चि. सोफिलास,
आशीर्वाद.

रिगोच ती. म्हणाली, मावशीने इतक्या मायेने वाढलं की नाव सांगायचा धीर झाला नाही. तिच्या लग्नात मी घर तिच्या नावावर केलं. रिगोपूला हे आपल्या आईचंच नाव तिला ठेवलंय, माझी थोरली आहे. तुला विचारायचं मला सुचलंही नाही. तिने ते सहलवाल्यांना विकलं. मी रडले, भांडले. ती म्हणाली, आई, सही झाली.

माग ते हलवणार नाहीत. मागावर बसायला त्यांना एक बाई हवी आहे.

रागाव, पण लिहीत राहा.
तुझी ताई

ऑलिम्बोस
२८ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

यानीसदादाकडे राहते, पत्र तिथेच पाठव. होडी यायच्या आधी मागावर बसायला जाते, आपल्या घराचं दार वाजवते, ते उघडतात. चुलीपुढे दोरी बांधली आहे. माग खिडकीशीच आहे. काल एका बाईंनी विचारलं, हे घर कोणाचं? वाटाड्या म्हणाला, रिगोपूला नावाच्या म्हातारीचं, आता इथे कोणी राहत नाही. मी धोटा फिरवत राहिले.

रिगोला सांग, पुन्हा आलीस तरी नाव सांगू नकोस. मी वाढीन. पाहुण्यांना वाढायची मला परवानगी आहे.

आहे तो लोभ पुरे.
सोफिला