औषध न टाकलेली बशी

गुरुवार, संध्याकाळ

हार्मोन दिल्यावर तेलग्रंथींच्या पेशींत फुगलेले तेलाचे थेंब आमच्या औषधाने आटले. पण तुलनेसाठी ठेवलेल्या, औषध न टाकलेल्या काचेच्या बशीतही ते आटलेच. मग आटवलं कशानं?

माझे गाईड सर म्हणाले, "एका बशीसाठी काहून अडून राहिली पोरी? फेकून दे तिले."

फोनवर आईचं वेगळंच. "थिसिस कधी होते वं? पाव्हणे थांबून राहिले."

शाळेत जायच्या आधीच बाबांनी हातमागाशेजारी बसवून शिकवलं. धागा चुकलेला दिसला की तिथपर्यंत उसवायचं. इथे तर सगळंच काम उसवावं लागेल. सरांना, आईला कोणत्या तोंडाने सांगू?

फेकायला नेलेली बशी परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली, अगदी पुढे. सकाळी सर उघडतील तेव्हा आधी तीच दिसेल. झाकणावर माझ्याच अक्षरात माझं नाव आहे.