हाक न मारता आत घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
बालकर्ण शस्त्रक्रिया व संशोधन विभाग,
बालरुग्णालय.
(आवक खिडकीतून. खिडकी बंद असल्यास दाराच्या फटीतून.)

विषय : सहभागी क्रमांक सतरा हिला संशोधनातून वगळल्याचा आदेश मागे घेऊन तिच्या डाव्या कानाची दुसरी शस्त्रक्रिया महिनाअखेरीपूर्वी करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाचे वगळल्याचे पत्र.
२) आपल्याच विभागाचे साहित्य परत मागणारे पत्र.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. अर्जदार हा सहभागी क्रमांक सतरा हिचा सख्खा मामा असून त्याचे केस कापण्याचे दुकान आहे. मुलांची नावे संशोधनाच्या कागदांवर लिहायची नाहीत असा आपला नियम असल्याने या अर्जात तिला नुसते भाची म्हटले आहे. मागच्या अर्जावर ‘अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध काय?’ असा लाल शाईचा शेरा मारून तो परत पाठवण्यात आला. सबब संबंध आधी सांगणे भाग आहे. सदर कान अर्जदाराचा आहे.

खुलासा असा की, भाची जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही कानांच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ होती आणि आत जायची वाट बंद. आतला कान शाबूत आहे, फक्त आवाज तिथवर पोचत नाही, असे मोठ्या मॅडमनी, म्हणजे आपल्या विभागाच्या शल्यविशारदांनी, सांगितले. बरगडीची कूर्चा, म्हणजे बरगडीच्या टोकाचा लवचीक भाग, काढून त्यातून कान कोरायचा आणि तो डोक्याच्या कातडीखाली बसवायचा, ही पहिली शस्त्रक्रिया. तो तिथे रुजला की मागून सोडवून उभा करायचा, ही दुसरी. डावा कान नीट उभा राहिला की मग उजव्याकडे वळायचे. संशोधनातल्या बहुतेक मुलांचा एक कान चांगला असतो, त्यांच्या त्याच कानाचा उलटा नमुना घेतात. भाचीला नमुन्यापुरतादेखील कान नव्हता. म्हणून घरच्यांचे कान पाहायचे ठरले. तिच्या वडिलांचे कान सुपासारखे, ते बाद झाले. बहिणीचे फार बारीक, तेही बाद झाले. बाजारात भोपळे पारखावेत तसे मॅडमनी सगळ्यांना पारखले आणि शेवटी अर्जदाराचा डावा कान पसंत केला. त्यावर पारदर्शक फिल्म ठेवून पेनाने रेघ मारून घेतली. उभ्या आयुष्यात अर्जदाराचा कशात पहिला नंबर आला असेल तर तो यातच. आता संबंध नाही असे कृपया म्हणू नये.

२. पहिली शस्त्रक्रिया उत्तम झाली. तोपर्यंत भाचीचे केस अर्जदार कान झाकतील असे कापत असे. पट्टी निघाल्यावर ती स्वतःहून दुकानात आली आणि डावी बाजू बारीक कर म्हणाली. बारीक केली. आरशात ती इतका वेळ बघत बसली की दोन गिऱ्हाइके कंटाळून निघून गेली. जाईनात का. तो कान आज डोक्याला चिकटलेला, चपटा आहे, भिंतीवर काढलेल्या चित्रासारखा. त्याच्यामागे बोट जात नाही, चष्म्याची काडी अडकत नाही, आणि भाचीला चष्मा आहे. तो ती दोरीने बांधते. ‘तुझा कान स्टिकरचा आहे का?’ असे वर्गात विचारतात. दुसरी शस्त्रक्रिया झाली की चष्मा अडकेल, एवढ्या एका आशेवर पोरीने छातीवरच्या टाक्यांचे दुखणे मुकाट्याने सोसले आहे.

३. दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी तीन वेळा ऐकण्याची तपासणी व्हावी असा संशोधनाचा नियम आहे. नियमाबद्दल तक्रार नाही. भाची तिन्ही वेळा हजर होती. अर्जदार दुकान बंद ठेवून स्वतः तिला घेऊन आला होता. तरी तिन्ही वेळा तिच्या नावापुढे, म्हणजे क्रमांकापुढे, ‘गैरहजर’ असे लिहिले गेले. ते कसे, ते सांगतो. कंटाळा येईल, पण वाचावे. अर्जदारालाही सांगून सांगून कंटाळा आला आहे.

आपल्याकडची पद्धत अशी. आल्याबरोबर तंत्रज्ञ भाचीच्या डोक्यावरची लवचीक पट्टी आणि त्या पट्टीवर बसवलेले ऐकण्याचे यंत्र तपासायला, पुसायला म्हणून जमा करून घेतात. कानाची वाट बंद असल्याने हे यंत्र आवाज हाडातून आत पोचवते. ते काढले की चार हातांवरचे बोलणे तिला ऐकू येत नाही. यंत्र आतच राहते. मग मुलांना पुढच्या बाकावर आणि नातेवाइकांना भिंतीकडच्या मागच्या बाकावर बसवतात. मग शिपाई दार किलकिले करून क्रमांक पुकारतो. तीनदा पुकारून मूल उठले नाही की गैरहजर. म्हणजे आधी ऐकायचे साधन काढून घ्यायचे आणि मग लांबून हाक मारायची! हे अर्जदार दुकानात सांगतो तेव्हा गिऱ्हाइके म्हणतात, काहीही फेकतोस.

मामाने उठून तिला हात का लावला नाही, असे आपण विचाराल. समोर पाटी आहे म्हणून. ‘नातेवाइकांनी मुलाला खूण करू नये, हात लावू नये, बोलू नये.’ ही पाटी मूळची आतल्या चाचणीच्या खोलीतली आहे. तिथे ती बरोबरच आहे, आईबापांनी खुणा केल्या तर चाचणीला अर्थ काय राहिला? पण मध्यंतरी आतली खोली रंगवायला काढली तेव्हा रंगाऱ्याने पाटी उचलून बाहेरच्या दालनात मोकळ्या खिळ्याला अडकवली. खोली रंगली, वाळली, पाटी मात्र बाहेर आली ती आलीच. संशोधन सहायक बाई त्यानंतर रुजू झाल्या, त्यांनी पाटी बाहेरच पाहिली. बाई मनाने चांगल्या आहेत, नियमाला पक्क्या आहेत. मुलाला घरच्यांनी उठवले तर निष्कर्ष दूषित होतात, असे त्यांचे म्हणणे. पाटी आतली आहे हे अर्जदाराने त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, तसे लेखी आणा. रंगाऱ्याकडून लेखी आणायचे की खिळ्याकडून, हे विचारायचे राहून गेले.

४. पहिल्या खेपेस भाची पायांनी बाक वाजवत मजेत बसली होती आणि तिचा क्रमांक अर्जदाराच्या डोळ्यांदेखत पुकारला गेला. अर्जदार जागच्या जागी घामाघूम झाला. उठावे तर नियम मोडतो, बसावे तर पोरीची पाळी जाते. धरले तर चावते, सोडले तर पळते. पुढच्या वेळी सांगू, असे म्हणून तो बसला.

दुसऱ्या खेपेस अर्जदार खोकला. खोकला खरा होता, दुकानातला केसांचा भुगा घशात जातो. ‘नातेवाइकाने संकेत दिला’ अशी नोंद होऊन तपासणी रद्द झाली आणि क्रमांकापुढे पुन्हा ‘गैरहजर’ लागले. जिला हाक ऐकू येत नाही तिला खोकला ऐकू येईल, हे तर्कशास्त्र अर्जदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तिसऱ्या खेपेस भाचीनेच शक्कल लढवली. ती दाराकडे तोंड करून शिपायाच्या ओठांवर डोळे लावून बसली. पापणी हलवत नव्हती. बघवत नव्हते तिच्याकडे. शिपायाला नेमकी सर्दी झालेली, तोंडाला मास्क. त्याने बिचाऱ्याने चांगले मोठ्याने पुकारले, त्याचा काही दोष नाही. क्रमांक सतरा, क्रमांक सतरा, क्रमांक सतरा. सगळ्या दालनाला ऐकू गेले. घरी जाताना भाचीने विचारले, आज मला बोलावलेच नाही का? अर्जदाराने नाही म्हणून सांगितले. खरे सांगायचा धीर झाला नाही.

५. आणखी एक बाब नाइलाजाने लिहितो. जिन्याशी आपण संशोधनाच्या निकालाचा मोठा फलक लावला आहे. तपासणी झालेल्या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना उत्तम ऐकू येते, असे त्यावर रंगीत खांब काढून दाखवले आहे. वाचून आनंद झाला. पण साहेब, ज्यांना हाक ऐकू येते तीच मुले आत जातात, आणि आत गेलेल्यांनाच तुम्ही मोजता. निकाल चांगला लागेल नाही तर काय! अर्जदार शिकलेला नाही, त्याची समजूत चुकत असेल तर दुरुस्त करावी. फलकावर एका चिकटलेल्या कानाचा फोटोही आहे. तो भाचीचा आहे. दुसरा कोणी ओळखणार नाही, पण अर्जदार तो आकार रोज दाढी करताना बघतो.

६. त्यानंतर वगळल्याचे पत्र आले. त्यापाठोपाठ दुसरे आले, की वगळलेल्या सहभागींनी संशोधनाचे साहित्य भांडारात जमा करावे. यंत्र एक नग, पट्टी दोन नग, राखीव कूर्चा एक नग. यंत्र आणि पट्ट्या जमा केल्या. भाची आता शाळेत पहिल्या बाकावर बसते आणि तरी काही ऐकू येत नाही म्हणून खिडकीबाहेर बघते. वर्गातल्या बाई घरी चिठ्ठी पाठवतात की लक्ष देत नाही.

राखीव कूर्चेबाबत भांडारपालांना प्रत्यक्ष भेटून सांगितले. दुसऱ्या शस्त्रक्रियेत कानाला मागून टेकू देण्यासाठी कूर्चेचा एक तुकडा मोठ्या मॅडमनी पहिल्याच वेळी भाचीच्या छातीच्या कातडीखाली ठेवून दिला आहे, जेणेकरून तिला पुन्हा बरगडीपर्यंत चिरावे लागू नये. तो हाताला लागतो. झोपताना भाची त्यावर तळहात ठेवते. भांडारपालांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, मग तो जमा कधी करणार? पावतीशिवाय त्यांचा हिशेब बंद होत नाही म्हणे. अर्जदाराने तिथल्या तिथे हात टेकले. तो तुकडा तिचा आहे, तिच्या हाडामांसाचा आहे, तो आम्ही देणार नाही. हे वाक्य उद्धट वाटल्यास क्षमा असावी, पण ते बदलणार नाही.

अखेर मोठ्या मॅडम जिन्यात भेटल्या. त्या घाईत होत्या, पण अर्जदाराच्या डाव्या कानाकडे बघून थबकल्या. हा मी कोरलाय, म्हणाल्या. मग सगळे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. महिनाअखेर त्या दुसरीकडे रुजू होत आहेत आणि अर्ध्यावर सोडलेला दुसऱ्याचा कान हातात घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. संशोधनात नाव परत आले तर त्या शस्त्रक्रिया करून जायला तयार आहेत. ते काम त्यांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. अर्ज करा, म्हणाल्या. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे गरज तशीच राहून वैद्य निघाला आहे.

तरी विनंती की, सदर पाटी आतल्या खोलीत परत लावावी, भाचीच्या तिन्ही खेपा हजर म्हणून धराव्यात किंवा तपासणी नव्याने घ्यावी, यंत्र परत द्यावे, आणि तिचे नाव पुन्हा दाखल करावे. बहीण म्हणते, दादा, सोड आता, तुझा जीव जाईल यात. तिला पाळी बदलून कामावर जावे लागते, तिचा जीव आधीच गेला आहे. अर्जदारालाही थकवा आला आहे. आपल्या आवक खिडकीचा बाक त्याच्या पाठीला ओळखू लागला आहे. सोडायला हरकत नव्हती.

७. पुढील मजकूर लिहावा की नाही यावर घरात वाद झाला. घरातल्या गोष्टी कार्यालयात कशाला, असे बहिणीचे मत. पण लिहितो.

गेल्या आठवड्यात अर्जदार पाणी तापवायला दुकानाच्या मागे गेला होता. परत आला तर भाची मोठ्या खुर्चीत बसलेली. गिऱ्हाइकाची चादर तिने स्वतःच गळ्याभोवती बांधली होती, केस वर धरून क्लिप लावली होती आणि कानाभोवती साबण लावला होता. समोरच्या फळीवर वस्तरा काढून ठेवला होता, नवे पाते घालून. अर्जदार पाते कसे बदलतो ते ती लहानपणापासून बघते. ती म्हणाली, मामा, फक्त सोडवायचाच राहिलाय ना. मग तूच सोडव. तुझा हात हलत नाही, आणि मीपण अजिबात हलणार नाही.

अर्जदाराने आधी वस्तरा खिशात घातला, मग तिला चादरीसकट पोटाशी धरले. अर्जदार काय बोलला ते तिला ऐकू गेले नाही. वस्तरे आता कुलपात असतात. पण ती रोज विचारते, आज सोडवू या का, आणि तिला दाखवायला अर्जदाराकडे आपल्या पत्राखेरीज काही नाही.

म्हणून शेवटचे सांगणे. तिला बोलवा, साहेब. पण हाक मारू नका. कोणीही एक माणूस बाहेर पाठवा आणि तिचा हात धरून तिला आत न्या. ती रडणार नाही, कुठे नेता असे विचारणारही नाही. ती तयारच बसलेली आहे.

आपला नम्र, आणि आता पुरता दमलेला,

(सही)
क्रमांक सतराचा मामा

सोमवार, दुकान बंदचा दिवस