पत्रिकेवरची बी.ए.

आण्णा, माझ्या लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे कंसात तुम्ही बी.ए. छापून आणलंत, त्याला सव्वीस वर्षं झाली. तुम्हाला जाऊन चौदा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, मग बोलायचं तरी कधी?

एकच पेपर राहिला होता, इतिहासाचा. कळसाडीहून लोणखेड्याचं कॉलेज ते किती लांब! सकाळच्या एस.टी.नं जाऊन दुपारी परतले असते. पण आदल्या दिवशी हळद लागली, आणि हळद लागलेल्या नवरीनं शीव ओलांडायची नसते. पेपरची तारीख तुम्हाला महिनाभर आधी माहीत होती, लग्नाची तिथीही तुम्हीच धरली. मी पिवळ्या हातात हॉल तिकीट घेऊन स्वयंपाकघरात उभी आहे, आणि तुम्ही पाटावर बसून कळण्याची भाकरी खाताय. "पत्रिकावर छापाई गयं ते," तुम्ही म्हणता, "आते पेपर कसाले? कोण इचारी तुले?" आणि ठेचा मागता. आई वाढते. तुमच्या त्या निवांत जेवणाची मला आजही किळस येते.

बरं, तुम्ही कोण? हायस्कूलचे हेडक्लार्क! मी तुमचा डबा घेऊन आले होते त्या दिवशी धडगावकडचा एक बाप दोन गाड्या बदलून पोरीला शाळेत घालायला आला होता. दाखल्यावरचा शिक्का पुसट होता. "शिक्का दिखत नही. नवा दाखला आन, मंग ये," तुम्ही म्हणालात. त्यानं कागदाची घडी केली, पोरीचा हात धरला आणि गेला. ते पुन्हा आले नाहीत, हे तुम्हीच नंतर जेवताना कौतुकानं सांगितलंत, नियम म्हणजे नियम म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, अर्थ घरात कळला.

सासरी मी बी.ए. झालेली सून. गावात कुणाचा अर्ज लिहायचा असला की, "वहिनीकडे लई जा, ती बी.ए. शे." मी मान खाली घालून लिहून द्यायची. शेवटी तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन नाव घातलं, तेही पहिल्या वर्षापासून, कारण इतके जुने गुण कुणी धरत नाही. आणि सगळं चोरून! बी.ए. झालेली बाई पुन्हा बी.ए. कशाला करते, हे घरात काय सांगणार? तास चालू असला की नवरा दाराबाहेरून विचारतो, "कोनासंगे बोली ऱ्हायनी?" मी म्हणते, "बचतगटनी मिटिंग शे." इतक्या मिटिंगा झाल्या की त्याला वाटत असेल जिल्हा आम्हीच चालवतो.

माझ्याबरोबर शिकणारी माणसं बघाल तर तुम्हाला ती फार आवडतील. सगळे चाळिशी ओलांडलेले, प्रमोशनसाठी आलेले. धडा कुणी उघडत नाही, ग्रुपवर तयार उत्तरांचे फोटो फिरतात. एक गृहस्थ तर लिहितात, आपल्याला कागदाशी मतलब. मी ती उत्तरं कधी उघडली नाहीत. भाकऱ्या थापताना इतिहास पाठ केला, तव्यावरची एखादी करपली तर करपली.

गेल्या आठवड्यात शेवटचा पेपर झाला. दाराला कडी लागते अशी एकच खोली, ती छतापर्यंत कापसानं भरलेली. त्यातच खुर्ची टाकली. पेपरावर लक्ष ठेवणारा पोरगा स्क्रीनवरून म्हणाला, "मॅडम, खोली फिरवून दाखवा. मागे पांढरं काय आहे?" म्हटलं, कापूस. "त्यात कुणी बसलेलं नाही ना?" मी उठून कोपरापर्यंत हात घालून दाखवला. मग तीन तास लिहिलं. दोन प्रश्न नीट आठवले नाहीत. निकाल महिन्यानं लागेल.

आणि काल लेकीच्या स्थळासाठी मध्यस्थानं बायोडाटा मागितला. मीच टाइप करायला बसले. तिचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. तिचे काका, म्हणजे माझे दीर, म्हणाले, "एम.एस्सी. लिखी टाक, कोण देखस?" मी फाडकन म्हटलं, माझ्या पोरीच्या नावापुढे खोटं एक अक्षर येणार नाही. 'शेवटचं वर्ष चालू' असंच लिहिलं. मला तुम्हाला हरवल्यासारखं वाटलं.

खालची ओळ होती, आईचं शिक्षण. काका शेजारीच बसले होते. मी बी.ए. लिहिलं आणि पाठवून दिलं.

हे पत्र मी कापसाच्या खोलीत ठेवते आहे. निकाल अजून लागलेला नाही, आण्णा.