मला ते —

३ फेब्रुवारी, सोमवार

तिने दोन शब्द लिहिले आणि पडदा निळा झाला. मधोमध गरगर फिरणारे ठिपके, खाली ओळ — "नवी सिस्टिम बसवत आहोत. कृपया संगणक बंद करू नका."

मी काही दाबलं नव्हतं. तिला तर काही दाबताच येत नाही. आधी पाय गेले, मग हात, मागच्या वर्षी आवाज गेला. उरले डोळे. पलंगासमोरच्या पडद्याखाली कॅमेऱ्याची एक बारीक पट्टी आहे, ती तिच्या बुबुळांवर लक्ष ठेवते. ती ज्या अक्षराकडे टक लावेल ते उमटतं. वाक्य पुरं झालं की मशीन ते बोलून दाखवतं — सपाट, फलाटावरच्या घोषणेसारख्या बाईच्या आवाजात. त्याच आवाजात ती मला "अहो, पंखा कमी करा" म्हणते. शाळेत गणित शिकवायची. अजूनही चूक खपवून घेत नाही. वेलांटी चुकली तर मागे जाऊन दुरुस्त करते, आणि तोवर मी ताटकळत उभा.

सकाळी छातीचे डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, श्वास कमी पडायला लागलाय. घशात कायमची नळी घालून यंत्रावर ठेवता येईल, तसे वर्षानुवर्षं काढणारे लोक आहेत. किंवा नळी घालायची नाही, त्रास होणार नाही एवढं बघायचं आणि होईल ते होऊ द्यायचं. मी तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. "तुमचं नको. मला यांच्याकडून ऐकायचंय. पुढच्या आठवड्यात येतो."

ते जिना उतरेपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळली आणि लिहायला लागली.

"मला ते"

एवढंच. पुढे निळं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टिम बसली एकदाची. डोंगर, तळं, सूर्योदय. "नमस्कार! चला, तुमचा संगणक अगदी तुमच्या मनासारखा करू या."

अक्षरांचा तक्ता असायचा तिथे आता हवामान. एका कोपऱ्यात पत्त्यांचा खेळ, दुसऱ्यात कुठल्याशा नटीच्या लग्नाची बातमी. कॅमेऱ्याच्या पट्टीवरचा हिरवा दिवा विझलेला. आत जायचं तर पासवर्ड हवा. खातं तिच्या नावावर, पासवर्ड तिचा, हात चालत होते तेव्हा ठेवलेला. यापूर्वी कधी मागितलाच नव्हता.

पासवर्ड आठवत नसेल तर चेहरा दाखवा म्हणे. मी संगणक उचलून तिच्या तोंडासमोर धरला.

"मान थोडी डावीकडे वळवा."

मान कशी वळणार? मी एका हाताने वळवली. "चौकटीत एकच व्यक्ती असावी." माझा हात मध्ये आला होता.

संगणक खाली ठेवला तर ती माझ्याकडेच बघत होती. डोळे मिटणं म्हणजे हो, वर बघणं म्हणजे नाही, हे आमचं ठरलेलं आहे. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी म्हटलं, "आधी हे सुरू करू. मग तू नीट, पूर्ण सांग."

५ फेब्रुवारी, बुधवार

मदत केंद्राला फोन. वाट बघताना बासरी वाजत होती. ती इतका वेळ वाजली की मावशी आतून विचारून गेल्या, "दादा, आज रेडिओ लावलाय का?" मावशी म्हणजे दिवसा हिचं अंघोळ-पाणी बघायला येतात त्या.

शेवटी एक मुलगी आली फोनवर. गोड बोलणारी.

"खातं कुणाच्या नावावर आहे, सर?"

"बायकोच्या."

"मग मॅडमना फोन द्या ना. फक्त नाव आणि जन्मतारीख सांगायचीय त्यांनी."

"त्यांना बोलता येत नाही."

"काही हरकत नाही, सर. त्यांनी लिहून पाठवलं तरी चालेल."

"लिहिण्यासाठीच तर हे मशीन आहे. ते बंद पडलंय म्हणून फोन केला."

मग ती म्हणाली, "बरोबर आहे, सर. मी तुमची अडचण समजू शकते. पण मॅडमच्या आवाजाशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

फोन आपटणार होतो. नाही आपटला. त्या पोरीचा काय दोष? तिच्यासमोरही कुठला तरी पडदा असेल, तो तिला पुढे जाऊ देत नसेल.

ही सगळं ऐकत होती. कान शाबूत आहेत तिचे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मावशींनी पुठ्ठा काढला. मशीन यायच्या आधी आम्ही तो वापरायचो. त्यावर क-ख-ग-घच्या ओळी लिहिलेल्या आहेत. मी ओळीवर बोट ठेवायचं, तिने डोळे मिटले की त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर यायचं. काना-मात्रा सोडून द्यायचे, नाहीतर दिवस सरेल. मी विसरलो नव्हतो तो कुठे आहे. कपाटामागे उभा होता.

"पासवर्ड सांग," म्हटलं.

ख. ड. स.

"खडूस?"

डोळे मिटले. हो. तिच्या जुन्या मुख्याध्यापिकेला अख्खी शाळा मागून तेच म्हणायची. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. हिचेही डोळे चमकले. फार दिवसांनी घरात बरं वाटलं.

आता हे इंग्रजीत कसं लिहायचं? यू एक, की ओ दोन? पहिलं अक्षर मोठं? तिलाही नक्की आठवेना. पुढे आकडा आहे? आकड्यासाठी मी एकापासून मोजत गेलो आणि बरोबर आकडा आला की ती डोळे मिटत गेली. घातला. चुकला. दोन ओ घालून पाहिले. चुकला. मोठं अक्षर. "अनेक चुकीचे प्रयत्न झाल्यामुळे खाते तात्पुरते बंद केले आहे."

मी कपाळाला हात लावून बसलो. मावशींनी पुठ्ठा माझ्या हातात परत दिला, कारण तिची नजर त्यावर खिळली होती.

म. ल. त.

"मला ते," मावशी म्हणाल्या. "पुढे विचारा की, दादा."

"ते राहू दे आत्ता. आधी कुलूप उघडू."

ती वर बघत राहिली. नाही, नाही, नाही. बराच वेळ खाली बघितलंच नाही. मी पुठ्ठा परत कपाटामागे ठेवला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खातं बंद. खोलीत कसला आवाज नाही. तिला हवा पुरवणाऱ्या मास्कमधून येणारा श्वास तेवढा ऐकू येतो, मध्ये मध्ये अडखळणारा.

८ फेब्रुवारी, शनिवार

खातं उघडलं आणि पासवर्ड जुळला! यू एक, पहिलं अक्षर मोठं. मी तिच्या कपाळाला हात लावून म्हटलं, "झालं हं." धावत जाऊन कॅमेऱ्याची वायर काढून पुन्हा लावली.

"हे उपकरण नव्या सिस्टिममध्ये चालत नाही."

मागच्या सिस्टिमवर परत जायचं बटण आहे. पुसट करून ठेवलंय, दाबलं जात नाही. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. उलट कोपऱ्यातून एक गोल चेहरा वर येतो आणि म्हणतो, "मदत हवी आहे? मला काहीही विचारा, फक्त बोला!"

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. दोन मजल्यांमध्ये माणूस अडकला की बाहेरून ओरडायचो — घाबरू नका, मी इथेच आहे, काढतो. आणि काढायचो. हाताने चाक फिरवता यायचं, दार सरकवता यायचं. या डब्याला चाकही नाही आणि दारही नाही. उघडला तर आत एक हिरवी पाटी आणि धूळ.

खरं म्हणजे आज तिला "मी इथेच आहे" म्हणालोच नाही. तिच्याकडे पाठ करून बसलो होतो, संगणकाकडे तोंड करून.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. ती लांब राहते, तिचं बाळ लहान आहे, लगेच निघता येत नाही. मी तिला कॅमेऱ्याचं, पुसट बटणाचं, गोल चेहऱ्याचं सगळं सांगत सुटलो. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईला हो-नाही तर सांगता येतं ना?"

"येतं की."

"मग तुम्ही तिला विचारलं का नाहीत? नळी हवी का? एवढाच तर प्रश्न आहे."

"असं हो-नाहीत उरकायची गोष्ट आहे का ती? तिला तिच्या शब्दांत सांगू दे. गणिताची बाई आहे ती, अर्धवट उत्तर तिला चालत नाही."

"बाबा."

"सिस्टिम सुरू झाली की—"

"बाबा, तुम्ही घाबरलाय. ती नको म्हणेल म्हणून."

मी फोन मावशींकडे दिला. पोरगी लहानपणापासून अशीच, नको तिथे बोट ठेवते. पण खरं बोलली. पस्तीसहून जास्त वर्षं झाली संसाराला. नको म्हणाली तर मी या घरात करू काय? कुणाचा पंखा कमी करू?

दुपारभर तिच्या पायांना तेल लावत होतो. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पायांकडे.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटरवाला आला. चाळिशीचा, घाईतला, दारातच बूट काढून सरळ कामाला भिडला. बराच वेळ खटपट केली. कॅमेऱ्याच्या कंपनीला माझ्यादेखत फोन लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, उगाच आशेवर ठेवत नाही. हा कॅमेरा कंपनीनेच बंद केलाय. जुनी सिस्टिम परत टाकायची तर कॅमेऱ्याचं जुनं सॉफ्टवेअरही लागेल, ते आता मिळत नाही. नवा कॅमेरा मागवा. यायला महिना तरी धरा."

"म्हणजे महिनाभर काहीच नाही?"

"काहीच नाही. काकूंना वाईट वाटेल ना?" तिच्याकडे बघून त्याने उगाचच हात जोडले आणि निघाला.

मला वाईट वाटायला हवं होतं. जिन्याचं दार लावताना हलकं वाटलं. महिना. महिनाभर कुणी काही विचारू शकत नाही.

मग डॉक्टरांच्या माणसाचा फोन. "साहेब परवा सकाळी येतायत. मशीनसाठी थांबता येणार नाही म्हणाले, श्वास थांबत नाही कुणासाठी. उत्तर तयार ठेवा."

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही विचारलं.

अंथरूण बदललं, केस विंचरले, खिडकीचा पडदा सरकवला, संगणकाची धूळ पुसली. मावशी निघताना दारात थबकल्या. म्हणाल्या, "दादा, मी विचारू का ताईंना?"

"नको. मी विचारतो."

"विचारा मग," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. पहिल्यांदाच "येते" न म्हणता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी, डॉक्टर यायच्या आधी, खुर्ची तिच्या तोंडासमोर ओढून बसलो आणि विचारलं. "नळी हवी?"

क्षणही गेला नाही. डोळे मिटले. घट्ट. उघडले, पुन्हा मिटले. हो. हो.

"जगायचंय?"

हो.

मी हसलो. हसलोच असणार. पण त्याच्या आधी माझा चेहरा उतरला, आणि मला कळलं की इतके दिवस मी भीत होतो ते "नको"ला नाही. आणखी किती वर्षं ही खोली, हा श्वास, ही खुर्ची — हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. ती माझा चेहरा बघत होती. दुसरं काय असतं तिला बघायला?

तिची नजर कपाटाकडे गेली. मी पुठ्ठा आणला.

म. फ. क. र.

काना-मात्रा सोडतो आम्ही. तरी वाचता आलं. माफ करा.

"गप्प बस," मी म्हणालो.

म्हणालो, आणि आपण काय म्हणालो ते आम्हा दोघांनाही एकदमच ऐकू आलं. तिचे डोळे बारीक झाले, कडेला सुरकुत्या पडल्या, पाणी आलं. ती हसत होती. मी तिच्या उशीवर डोकं टेकलं आणि दाराची बेल वाजेपर्यंत तिथेच राहिलो.